आईच्या डोळ्यांत पाणी का नाही?

मॅडेलीन मॅकॅनचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्यासाठी कोणी हे पुस्तक हाती घेतले असेल, तर त्याने ते आताच मिटलेले बरे. तो पोलिसांचा प्रश्न आहे आणि अजून सुटलेला नाही. इथला प्रश्न बघणाऱ्यांचा आहे, म्हणजे आपला. मूल हरवते, तपास सुरू होतो आणि काही दिवसांतच लोकांची नजर मुलावरून आईबापांवर येऊन ठरते. ते रडले का, कितपत रडले, कपडे कोणते घातले होते, घास कसा उतरला घशाखाली, याची चर्चा घराघरांत रंगते. ही नजर कशाने फिरते आणि घटना परमुलखात घडली असेल तर तिला कोणती धार चढते, याचा अभ्यास गेली काही दशके गुन्हेशास्त्र, माध्यमांचा अभ्यास, मानसशास्त्र आणि कायदा अशा वेगवेगळ्या अंगांनी चालू आहे. त्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाच्या स्वागतासाठी ही प्रस्तावना.

विषय जुना असला तरी तो नावारूपाला आला एका प्रकरणामुळे. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्गार्व्ह प्रांतात, प्राया दा लूझ नावाचे सुट्टीचे गाव आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरशर परगण्यातले केट आणि गेरी मॅकॅन हे डॉक्टर दांपत्य २००७ च्या वसंतात तीन मुलांना घेऊन, मित्रमंडळींसह तिथल्या ओशन क्लब रिसॉर्टमध्ये उतरले होते. रात्री मुलांना निजवून मोठी माणसे आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसत आणि अधूनमधून उठून मुलांकडे पाहून येत. ३ मे रोजी रात्री दहाच्या सुमारास केट पाहायला गेली, तेव्हा दोन वर्षांची जुळी भावंडे गाढ झोपेत होती. मॅडेलीन अंथरुणात नव्हती. तिला चार वर्षे पुरी व्हायला नऊ दिवस उरले होते.

त्या रात्री गावकरी आणि हॉटेलचे नोकर पहाटेपर्यंत शोधत फिरले. गावच्या चर्चने या कुटुंबासाठी दार उघडे ठेवले. ३० मे रोजी रोममध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी मॅडेलीनच्या छायाचित्राला आशीर्वाद दिला, नामवंत फुटबॉलपटूंनी टीव्हीवरून आवाहने केली. आणि ७ सप्टेंबरला, त्याच अल्गार्व्हमध्ये, पोर्तिमाँवच्या पोलीस कचेरीत चौकशीसाठी आलेल्या केटला बाहेरच्या गर्दीची हुर्यो ऐकावी लागली. या चार महिन्यांत आईबापांविरुद्ध काहीही सिद्ध झालेले नव्हते. तरी माया आटली आणि संशय भरून आला. हे कसे घडले, हे सांगता आले तर या विषयाचा निम्मा भाग कळला असे समजावे.

पहिले कारण परमुलखाचे. पोर्तुगीज कायद्यानुसार तपास चालू असताना त्याविषयी जाहीरपणे बोलायला बंदी होती. पोलिसांना होती, तशी साक्षीदारांनाही होती. ब्रिटिश पत्रकारांना घरी सवय होती ती पोलिसांनी कॅमेऱ्यांसमोर येऊन निवेदन करण्याची. एवढ्याशा गावात देशोदेशीच्या वाहिन्यांच्या गाड्या उभ्या, चोवीस तास बातमी द्यायची आणि अधिकृत बातमी मात्र नाही, अशी स्थिती झाली. मग पोर्तुगीज वृत्तपत्रांत तपासाच्या 'जवळच्या सूत्रांकडून' काहीबाही झिरपू लागले. ब्रिटिश वृत्तपत्रे ते उचलत, मोठ्या मथळ्याने छापत. आणि तेच पुन्हा 'इंग्लंडमध्येही असे म्हटले जाते' या रूपात पोर्तुगालला परत येई. पोर्तुगीज वृत्तपत्रांच्या बाजूने हेलेना मशादो आणि फिलिप सांतुश यांनी २००९ मध्ये, तर ब्रिटिश बाजूने ख्रिस ग्रीअर आणि यूजीन मॅकलॉफलिन यांनी २०१२ मध्ये या खटाटोपाचे विश्लेषण केले. नव्या वाचकाने हे दोन निबंध एकापाठोपाठ एक वाचावेत. एकाच बातमीचा दोन देशांतला प्रवास इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

यात राष्ट्राभिमानही मिसळला. ब्रिटिश वृत्तपत्रांनी पोर्तुगीज पोलिसांची यथेच्छ टिंगल केली: आळशी, गबाळे, दुपारच्या लांबलचक जेवणातून न उठणारे. हा अपमान त्या देशाला झोंबला नसता तरच नवल. त्यामुळे पुढे तपासप्रमुख गोन्सालो अमराल यांची बाजू घेणे अनेक पोर्तुगीजांना देशाची बाजू घेण्यासारखे वाटले असेल, तर त्याचा दोष त्यांना एकट्यांना देता येणार नाही. अमराल यांना २ ऑक्टोबर २००७ रोजी या तपासातून दूर केले गेले, कारण त्यांनी ब्रिटिश पोलिसांवर जाहीर टीका केली होती.

कायद्याच्या अनोळखी चौकटीने संशयाला कसे बळ मिळते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण ७ सप्टेंबरचेच. त्या दिवशी केट आणि गेरी यांना 'अर्गीदो' हा दर्जा देण्यात आला. पोर्तुगीज कायद्यात हा दर्जा मिळालेल्या माणसाला वकील सोबत ठेवता येतो आणि प्रश्नांना उत्तर न देण्याचा हक्क मिळतो. ज्याच्यावर संशय आहे त्याने नकळत स्वतःला गोवून घेऊ नये, हा हेतू. केटने वकिलाच्या सल्ल्याने ४८ प्रश्नांना उत्तर दिले नाही. पण लोकांना आठवतात ते प्रश्न आणि ते मौन. लपवण्यासारखे काही नाही तर बोलायला काय हरकत होती, हा सवाल दोन्ही देशांत झाला. दोन दिवसांनी कुटुंब मायदेशी परतले, तर पळून गेले म्हटले गेले. २१ जुलै २००८ रोजी पुराव्याअभावी तपास थांबवला गेला आणि दर्जाही काढून घेतला गेला. त्यानंतर तीनच दिवसांनी अमराल यांचे पुस्तक बाजारात आले. मुलगी खोलीतच मरण पावली आणि आईबापांनी ते लपवले, असा त्यांचा दावा होता. ऑगस्टमध्ये तपासाची हजारो पाने पत्रकारांसाठी खुली झाली. एवढा मोठा मूळ दस्तऐवज अभ्यासकाच्या हाती सहसा लागत नाही. त्या कागदांत काय आहे आणि त्या कागदांत आहे म्हणून लोक काय सांगतात, ही तुलनाही अभ्यासाचा मोठा विषय ठरू शकेल.

वृत्तपत्रांना किंमत मोजावी लागली, हे खरे. मार्च २००८ मध्ये 'डेली एक्सप्रेस' आणि 'डेली स्टार' यांनी पहिल्या पानावर माफी मागितली आणि शोधनिधीला ५,५०,००० पौंड दिले. गावातच राहणारा, पोलिसांना दुभाष्या म्हणून मदत करणारा एक ब्रिटिश गृहस्थ त्याच्या उत्साहामुळेच एका पत्रकाराला संशयास्पद वाटला होता. त्याला जुलैमध्ये अनेक वृत्तपत्रांकडून मिळून सहा लाख पौंडांची भरपाई मिळाली. आईबाप पुरेसे व्याकूळ दिसत नाहीत म्हणून संशय, शेजारी फार मदत करतो म्हणून संशय. तरीही या क्षेत्रातल्या बऱ्याच लेखनावर माझा एक आक्षेप आहे. त्यात माध्यमे खलनायक ठरतात आणि वाचक सुटतो. 'डेली एक्सप्रेस'चे संपादक पीटर हिल यांनी २००९ मध्ये संसदीय समितीसमोर मान्य केले, की या बातमीने त्या त्या दिवशी खप हजारोंनी वाढत असे. ते हजारो कोण होते, त्यांना काय हवे होते, हे विचारल्याशिवाय हा अभ्यास पुढे सरकत नाही.

त्यांना पाहायचा होता चेहरा. मयताच्या घरी कोपऱ्यात बसून 'डोळ्यांतून टिपूस नाही हो तिच्या' असे कुजबुजणाऱ्या बायका आपल्या ओळखीच्या आहेत. टीव्हीने ही कुजबूज खंडभर पसरवली एवढेच. मूल नेणाऱ्याला आईबापांची तडफड पाहून आनंद होऊ शकतो, तेव्हा कॅमेऱ्यासमोर भावना आवरा, असा सल्ला मॅकॅन दांपत्याला देण्यात आला होता. त्यांनी तो पाळला आणि केट 'थंड' ठरली. मुलीचे कापडी मांजर ती हातात घेऊन फिरे, त्यावरही बोलले गेले. तिने ते धुतले, त्यावरही.

हे सगळे ऑस्ट्रेलियाने आधीच पाहिले होते. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरूच्या पायथ्याशी असलेल्या तळावरून चेंबरलेन कुटुंबाची दहा आठवड्यांचीही नसलेली मुलगी अझारिया नाहीशी झाली. डिंगो या रानकुत्र्याने तिला नेले, असे आई लिंडी पहिल्यापासून सांगत होती. ती टीव्हीवर शांतपणे बोलली. ते कुटुंब सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट या लहान ख्रिस्ती पंथाचे. मग मुलीच्या नावाचा अर्थ 'रानातला बळी' असा आहे, अशी धादांत खोटी वावडी उठली आणि टिकली. ऑक्टोबर १९८२ मध्ये लिंडीला जन्मठेप झाली. मोटारीत अर्भकाचे रक्त सापडल्याचा पुरावा त्यात वजनदार ठरला होता. त्यातला काही भाग गाडीचा आवाज कमी करण्यासाठी फवारलेल्या द्रव्याचा निघाला. फेब्रुवारी १९८६ मध्ये उलुरूजवळ बाळाचे जाकीट सापडले, लिंडी सुटली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोमुळेच मृत्यू झाला ही नोंद व्हायला १२ जून २०१२ उजाडले. सामान्य माणसांनी लिंडीला लिहिलेली सुमारे २०,००० पत्रे कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. शिव्या आहेत, प्रार्थना आहेत, वर्षांनंतर मागितलेल्या क्षमाही आहेत. लोकमत या शब्दामागे हाडामांसाची माणसे कशी असतात, हे कळायला या पत्रांसारखा दुसरा संग्रह मला माहीत नाही.

चेहऱ्यावरून सत्य ओळखता येते का, याचे उत्तर मानसशास्त्राने बऱ्यापैकी दिले आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले; समोरचा खरे बोलतो की खोटे, हे लोकांना सरासरी ५४ टक्के वेळा ओळखता आले. नाणे उडवले तरी ५० टक्के. लीन टेन ब्रिंक आणि स्टीफन पोर्टर यांनी २०१२ मध्ये हरवलेल्या नातेवाइकासाठी टीव्हीवर आवाहन करणाऱ्या ७८ जणांची चित्रफीत चौकटीगणिक तपासली. त्यातल्या जवळपास निम्म्यांनीच त्या नातेवाइकाचा खून केल्याचे पुढे सिद्ध झाले होते. कपाळाच्या आणि ओठांच्या स्नायूंत काही फरक त्यांना सापडले, पण प्रशिक्षित नजरेला आणि संथ गतीने. चहाचा कप हातात धरून बातम्या पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत. त्याला फक्त दिसल्यासारखे वाटते.

तरी वाटते का, हा खरा प्रश्न आणि त्यासाठी मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नरकडे जावे लागते. लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांच्या १९६६ च्या प्रयोगात एका स्त्रीला विजेचे झटके बसत असल्याचे प्रेक्षकांना दाखवले गेले. ते थांबवणे हाती नाही असे कळल्यावर प्रेक्षक तिलाच कमी लेखू लागले. जगात ज्याचे त्याला मिळते, या समजुतीला तडा जाऊ नये म्हणून माणूस सोसणाऱ्यातच खोट शोधतो. लहान मूल अंथरुणातून नाहीसे होणे ही कल्पनाच इतकी असह्य आहे, की 'मी माझी मुले अशी सोडून गेलेच नसते' हे वाक्य प्रत्येक घराला आधार देते. मॅकॅन प्रकरणात त्या वाक्याला जागाही होती. मुलांना एकटे ठेवले होते, हे आईबाप नाकारत नाहीत. त्याबद्दल त्यांना बोल लावणाऱ्याला मी अविचारी म्हणणार नाही. पण लोकांच्या बोलण्यात 'निष्काळजी' पासून 'अपराधी' पर्यंतचा पल्ला किती सहज ओलांडला जातो, ते वाचकाने लक्षपूर्वक पाहावे. पहिली गोष्ट मान्य झाली की तिच्याच आधारावर दुसरी उभी राहते, मधल्या पुराव्याची कोणालाच गरज भासत नाही. आणि हा पल्ला बहुतेक वेळा आईच्या नावाने ओलांडला जातो. त्या रात्री टेबलावर गेरीही होता.

आदर्श बळी कसा हवा, याविषयी नॉर्वेजियन गुन्हेशास्त्रज्ञ नील्स क्रिस्टी यांनी १९८६ मध्ये लिहिले: दुर्बळ, निष्पाप, आणि आपले दुःख ऐकवण्याइतका वजनदार. हरवलेल्या मुलाच्या आईबापांनाही हीच परीक्षा द्यावी लागते आणि त्यात वर्गाचे गुण मिळतात. २४ जुलै १९९१ रोजी ग्रीसमधल्या कोस बेटावरून शेफील्डच्या बेन नीडहॅम या २१ महिन्यांच्या मुलाचा पत्ता लागेनासा झाला. त्याच्या तरुण, कष्टकरी आईच्या वाट्याला पोपही आला नाही आणि जगभरचे कॅमेरेही. ग्रीक पोलिसांचा पहिला संशय मात्र कुटुंबावरच गेला. अमराल यांनीच हाताळलेले आणखी एक प्रकरण प्राया दा लूझपासून फार लांब नव्हते: २००४ मध्ये फिगेरा गावातून आठ वर्षांची जुआना सिप्रियानो नाहीशी झाली. तिची गरीब आई लिओनोर आणि मामा यांना मृतदेह न सापडताही खुनासाठी दोषी ठरवले गेले. मारहाण करून कबुली घेतली, असे लिओनोरचे म्हणणे होते. त्या संदर्भात खोटी माहिती दिल्याबद्दल अमराल यांना २००९ मध्ये स्थगित शिक्षा झाली. लिओनोरसाठी इंग्लंडमध्ये कोणी मेणबत्ती लावली नाही, पोर्तुगालमध्येही फारशी नाही.

याच्या उलट बाजूही नव्या अभ्यासकाने डोळ्यांआड करू नये, नाहीतर हा अभ्यास आईबापांची वकिली होऊन बसेल. फेब्रुवारी २००८ मध्ये यॉर्कशरमधल्या ड्यूजबरी इथून एक नऊ वर्षांची मुलगी नाहीशी झाली. आई कॅरन मॅथ्यूज टीव्हीवर रडली. मुलगी चोवीस दिवसांनी सापडली आणि बक्षिसाच्या लोभाने आईनेच हा बनाव रचल्याचे डिसेंबरमध्ये न्यायालयात सिद्ध झाले. इथे अश्रू होते आणि ते खोटे होते. म्हणजे संशय घेणेच चूक, असा निष्कर्ष काढता येत नाही. पोलिसांनी कुटुंबाची चौकशी करायलाच हवी. चौकशी आणि हुर्यो यांतले अंतर मोजणे, हे आपले काम.

न्यायालयेही ते अंतर मोजताना अडखळली आहेत. अमराल यांच्या पुस्तकाबद्दल लिस्बनच्या न्यायालयाने २०१५ मध्ये मॅकॅन दांपत्याला ५ लाख युरो भरपाई मंजूर केली, २०१६ मध्ये अपिलात ती रद्द झाली आणि २०१७ मध्ये पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. तपास थांबवण्याचा आदेश म्हणजे निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे, असे त्या निकालात नमूद होते. त्या एका मुद्द्याचे लगेच मथळे झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही पोर्तुगालच्या विरोधात निर्णय दिला नाही. दरम्यान २०२० पासून जर्मन तपासयंत्रणेचा संशय एका जर्मन नागरिकावर आहे. त्याने आरोप नाकारला आहे आणि अद्याप त्याच्यावर या प्रकरणी खटला नाही. आईबापांविषयीचे बोलणे मात्र थांबले नाही.

बोलणाऱ्यांनाही किंमत मोजावी लागते. २०१४ मध्ये मॅकॅन दांपत्याविरुद्ध सतत लिहिणाऱ्या एका प्रौढ ब्रिटिश बाईला टीव्हीच्या बातमीदाराने घरासमोर गाठले. बातमी प्रसारित झाल्यावर काही दिवसांतच तिने जीव दिला. जॉन सिनॉट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा विरोधकांच्या भाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना विकृत ठरवून मोकळे होण्यापेक्षा त्यांना आपण न्यायाच्या बाजूने आहोत असे मनापासून का वाटते, हे समजून घेणे अवघड आणि अधिक उपयोगाचे आहे. अभ्यासकाने सामान्य माणसांची नावे गाळावीत, हा या क्षेत्राचा संकेत आहे आणि मी तो पाळत आलो आहे.

मराठी वाचकाला हे सारे फार दूरचे वाटू नये. २००८ मध्ये नॉयडातल्या आरुषी तलवार या मुलीच्या खुनाच्या प्रकरणात आई नूपुर, माहेरच्या चिटणीस, टीव्हीवरच्या मुलाखतीत सावरून बोलल्या. तो संयमच लोकांनी त्यांच्याविरुद्ध साक्षीसारखा वापरला. २०१३ मध्ये दोषी ठरलेल्या या आईबापांची अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०१७ रोजी सुटका केली. त्याहून जवळचे उदाहरण गोव्याचे. १८ फेब्रुवारी २००८ रोजी हणजूणच्या किनाऱ्यावर स्कार्लेट कीलिंग या पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हटले. आई फिओना मॅककीऑन हटून बसली, दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले आणि खुनाचा गुन्हा नोंदवावा लागला. पण मुलीला हणजूणला ठेवून उरलेल्या मुलांसह ती कर्नाटकात फिरायला गेली होती. नऊ मुलांची आई, इंग्लंडमध्येही चौकटीबाहेर राहणारी. सत्ताधाऱ्यांनी तिच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवले, ब्रिटिश वृत्तपत्रांनी तिच्या संसाराचे वाभाडे काढले. प्राया दा लूझच्या घटनेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. २०१६ मध्ये गोव्याच्या बाल न्यायालयात दोघे आरोपी सुटले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांतल्या एकाला दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. आईचा हट्ट बरोबर होता.

या प्रकरणात यजमान देश आपला होता. पोर्तुगीजांच्या जागी आपण होतो: आपले पोलीस, आपला किनारा, आपली पर्यटनाची कमाई आणि परकी आई. त्या महिन्यांत गोव्यातल्या मराठी, कोंकणी आणि इंग्रजी दैनिकांनी तिच्याविषयी काय छापले, वाचकांनी संपादकांना काय लिहिले, यावर मशादो आणि सांतुश यांच्या तोडीचे काम व्हायला हवे. पत्रकारितेच्या किंवा समाजशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल, त्याने पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जावे आणि फेब्रुवारी ते एप्रिल २००८ चे अंक मागवून बसावे.